गाळलेली दहा वर्षं

त्या मंगळवारी दुपारी माझी पत्नी वारली. मी शाळेत होतो. शिपाई वर्गात आला. मी पुस्तक मिटलं आणि घरी गेलो.

त्याआधी वर्षभर ती क्षयानं अंथरुणाला खिळून होती. मी इंग्रजी शिकवायचो. ती मराठी शाळेपुरतं शिकलेली, पण ऐकायची तिला फार हौस. संस्थान विलीन झाल्यावर कुणा साहेबाच्या घरची पुस्तकं बाजारात आली, त्यातली एक जाड कादंबरी मी आणली होती. पानांच्या कडा छापखान्यातून आल्या तशा अजून जोडलेल्याच होत्या. साहेबानं ती वाचलीच नव्हती. शाळा सुटली की मी थोडी पानं चाकूनं कापायचो आणि वाचत वाचत तिला मराठीत सांगायचो.

तिच्या माहेरी श्रावणात पोथी लागायची. वाचणाऱ्यानं ओवी गाळली तर बायका तिथंच धरायच्या. आणि एकदा लावलेली पोथी समाप्ती झाल्याशिवाय सोडायची नाही. तिनं हे दोन्ही नियम माझ्या कादंबरीला लावले.

एका संध्याकाळी नवं प्रकरण उघडलं. पहिल्याच वाक्यात दहा वर्षं गेली होती.

“अहो, पानं गाळलासा न्हवं?”

“नाही. लेखकानंच लिहिलेली नाहीत.”

“काल त्या बाईनं नुसता चहा घेतला तर एवढी पानं वाचलासा. आन् दहा वर्सं एका दमात?”

“तिकडं तशी पद्धत आहे.”

“आमच्याकडं असल्या वाचणाऱ्याला उठवून लावत्यात. सांगा, काय झालं मधल्या वर्सांत?”

वर्गात मी फळ्यावर मुद्दे लिहून द्यायचो: इंग्रजी कवींच्या लेखी काळ चोर आहे, काळ नदी आहे, प्रेम काळाला पुरून उरतं. मुलं उतरवून घ्यायची. यातलं काहीच तिला सांगण्याजोगं नव्हतं. मी वर्षं रचायला लागलो. कादंबरीतली बाई तळ्याकाठी फिरायला गेली, तिनं दारात वेल लावला, तिला मुलगी झाली. आम्हाला मूल नव्हतं.

“मुलगी? बरं झालं,” ती म्हणाली. “तिची वेणी कोण घालतंय?”

“आईच.”

पुढं डॉक्टरांनी औषध बदलायचं सोडलं आणि माहेरी कळवलंत का, एवढंच विचारलं. त्या दिवसापासून मी एकही पान कापलं नाही. इतकं शिकलेला मी, पण माझी खात्रीच झाली होती की समाप्ती होत नाही तोवर हिला जाता येणार नाही. एकेक वर्ष मी ताणत राहिलो. एकाच पावसाळ्यावर कितीतरी संध्याकाळी घालवल्या. ती खोकत ऐकायची.

“अजून तेच वर्स हाय व्हय?”

“हो.”

“कुणाला फसवताय, मास्तर?” थट्टेत ती मला मास्तर म्हणायची. तिनं भिंतीकडं तोंड केलं. “असू दे. चालू द्या.”

ती गेली तेव्हा त्या मुलीला शाळेत घालायचं राहिलं होतं.

त्यानंतर माझीही दहा वर्षं गेली, आणि आणखी बरीच. त्यातला एकही दिवस मला गाळता आला नाही.

कादंबरी कपाटात आहे. पुढची पानं जोडलेलीच आहेत.