मधल्या पट्ट्यातला माणूस

माझा नवरा एका बेटावर लोकांची भांडणं मिटवायची नोकरी करतो. त्या बेटाचे दोन तुकडे झालेत, उत्तरेकडचे लोक वेगळे आणि दक्षिणेकडचे वेगळे, मधे एक ओसाड पट्टा आणि त्यावर आंतरराष्ट्रीय शांतिसेनेचा पहारा. नवरा पूर्वी आपल्या लष्करात होता, आता त्या पट्ट्यात मध्यस्थ आहे. कुणाची मेंढरं पलीकडे गेली, कुणी भिंत हातभर पुढे सरकवली, कुणी दगड मारला, की हा दोन्हीकडच्यांना एका टेबलाशी बसवतो. तिथे कुटुंब नेता येत नाही, म्हणून मी आणि लेक अबुधाबीत राहतो. सुट्टीला आला की तो तिथल्या सोडून दिलेल्या घरांबद्दल सांगतो. पळून गेलेल्यांची ताटं अजून टेबलावर आहेत, स्वयंपाकघरातून झाडं वर आलीत. मला त्या गोष्टी ऐकवत नाहीत आणि त्याच्याकडे दुसऱ्या नसतात.

एका बाजूकडे कॉफी प्यायली तर त्याच दिवशी दुसऱ्या बाजूकडेही प्यायची, असा त्याचा नियम. त्याहून मोठा नियम म्हणजे पहिला दगड कोणी मारला हे कधी विचारायचं नाही, पुढचा पडणार नाही एवढंच बघायचं. ऐकायला फार शहाणपणाचं वाटायचं. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत लोक त्याला कौतुकाने बोलायला उभं करायचे आणि मीही मिरवून घ्यायचे.

गेल्या हिवाळ्यात तो घरी असताना लेक ट्यूशनहून कानावर हात धरूनच आली. सर आमच्याच बिल्डिंगमधले, पुण्याचे, मंडळातले, मला वहिनी म्हणणारे. गणित पुन्हा चुकलं म्हणून त्यांनी तिच्या कानाखाली वाजवली होती. गालावर बोटं उठली होती आणि कानात शिटी वाजतेय म्हणत होती.

माझं डोकं फिरलं. आत्ताच्या आत्ता पोलिसात जाऊ म्हटलं. नवऱ्याने मला खाली बसवलं. तक्रार झाली तर सरांची नोकरी जाईल, व्हिसा जाईल, त्यांची मुलं इथल्या शाळेत आहेत, एकदा समोरासमोर बोलू, असं तो अगदी हळू आवाजात समजावत राहिला. त्या आवाजावरून मला कळलं की हा माणूस आता घरी नाही, कामावर आहे.

दुसऱ्या दिवशी सर आले. आमच्याकडे दारात आलेल्याला चहा विचारल्याशिवाय राहत नाहीत, पण मी चहा टाकला नाही. नवरा स्वतः उठला. सरांना चहा आणि लेकीला दूध, दोघांना एकसारखे मग. नंतर त्याने डायनिंग टेबलाच्या एका बाजूला त्यांना बसवलं, दुसऱ्या बाजूला तिला, आणि स्वतः मधल्या खुर्चीत बसला. पन्नाशीचा माणूस आणि माझी पोर, समोरासमोर. मला बोलायची परवानगी नव्हती. मला त्या मगांचीसुद्धा चीड आली.

सर अभ्यासाबद्दल बोलले, हल्लीच्या मुलांबद्दल बोलले, तिच्या भल्यासाठीच सगळं, म्हणाले. नवरा मान डोलावत होता. मग तिची पाळी आली.

"सरांनी मला मारलं," ती म्हणाली.

"बेटा," नवरा म्हणाला, "मागचं उगाळायचं नाही असं ठरलंय. पुढे काय करायचं ते बोल."

तिने माझ्याकडे बघितलं, मग दुधाकडे. जे काही झालं त्याबद्दल सॉरी, असं सर म्हणाले, आणि "चला वहिनी, खलास" म्हणत उठले. ट्यूशन बंद, तक्रार नाही, मंडळात वाच्यता नाही, असं ठरलं. नवऱ्याच्या चेहऱ्यावर समाधान होतं आणि ते बघून मला त्याची किळस आली. लग्नानंतर पहिल्यांदाच.

कानातली शिटी थांबेना. शेवटी तिघं हॉस्पिटलमध्ये गेलो. डॉक्टरीणबाईंनी कानात बघितलं, पडदा फाटलाय म्हणाल्या, आणि कसं झालं ते विचारलं.

"बॉल लागला," लेक म्हणाली. बापाकडे बघून म्हणाली. ठरलेलं पाळत होती ती.

मी डॉक्टरांना खरं काय ते सांगितलं. सरांचं नाव सांगितलं, फ्लॅट नंबर सांगितला. हे पोलिसांना कळवावं लागेल, म्हणाल्या. कळवा म्हटलं. नवरा उठून बाहेर गेला.

पार्किंगमध्ये गाडीत बसल्यावर तो म्हणाला की सगळं मिटलं होतं, मी ते मोडलं. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण मागच्या सीटवरून लेकच बोलली. आवाज चढवला नव्हता.

"बाबा, तू सरांच्या साइडला होतास?"

"नाही गं. मी कोणाच्याच नव्हतो. मी मधे होतो."

"म्हणजे त्यांच्या साइडला ते आणि माझ्या साइडला मी." ती म्हणाली. "ॲण्ड आय ॲम फिफ्टीन, बाबा."