गणपतीच्या कोपऱ्यातला बास

आमच्या घरी गाणं लागलं की बास शेजारच्या तावड्यांकडे ऐकू यायचा. आमच्याकडे नुसतं गाणं यायचं.

बास म्हणजे गाण्यातला तो खालचा, छातीत धप्पकन बसणारा आवाज. त्याच्यासाठीच तर मी तो जुना स्पीकर घरी आणला. दादरचे एक पारशी काका घर आवरून मुलीकडे राहायला निघाले होते, त्यांनी मला तो देऊन टाकला. "डिकरा, याला फक्त चांगला कोपरा दे," म्हणाले, "बाकी हा काय मागत नाय." कमरेएवढं लाकडी धूड, पाठीमागून तिकोनी. त्याचा बास पुढून नाही, मागून निघतो, आणि कोपऱ्यातल्या दोन भिंती त्याला कर्ण्यासारखा मोठा करून खोलीत सोडतात. कोपरा नसेल तर बास नाही. स्टिरिओच्या आधीचा माल, त्यामुळे एकच होता. जोडी असती तर लालबागच्या आमच्या खोलीत दुसऱ्याची सोय करून मला गॅलरीत झोपावं लागलं असतं.

खोलीला कोपरे चार. एकात मोरी, दुसऱ्यात दार, तिसऱ्यात आईची कॉट. मी चौथा धरला. आई लग्न होऊन मालवणहून इथे आली त्याला जन्म लोटला, पण भाषा तिने गावाहून अजून हलवलेली नाही.

"ह्या थडगा खंयसून हाडलंस?"

"स्पीकर आहे, आई. ॲन्टिक."

"ता माका दिसता. गणपती खंय बसतलो? तुझ्या डोक्यार?"

चौथा कोपरा गणपतीचा. वर्षभर तिथे इस्त्रीचं टेबल, छत्र्या आणि मेधाचा बंद पडलेला मिक्सर असला तरी तो गणपतीचाच. (मेधा म्हणजे माझी बायको. मिक्सर दुरुस्त करायचं मी कबूल केलंय.) चतुर्थीला महिना होता. आईने जागच्या जागी निकाल दिला की चतुर्थीला गणपती त्याच कोपऱ्यात बसला पाहिजे, नाहीतर थडगं भंगारात. मेधाने तिथेच उभ्या उभ्या भंगारवाल्याचा नंबर सेव्ह केला.

मी म्हटलं, एकदा बास ऐकला की दोघी विरघळतील. बास काही येईना. कोपऱ्याची एक भिंत चांगली दगडी, पण दुसरी म्हणजे आमच्या आणि तावड्यांच्या मधलं लाकडी पार्टिशन. फटीतून बास गळतोय असं वाटून मी मागे आईची गोधडी कोंबली. मग रे रोडला जाऊन प्लायवूड आणलं आणि रविवारभर ठोकत बसलो. संध्याकाळी गाणं लावलं, तर दारात तावडेकाका.

"संजय, आमच्या फडताळातली भांडी नाचतायत रे."

"काका, बास कसा आहे पण?"

"बास एकदम कडक. पण माझी बीपीची गोळी डबीसकट खाली पडली."

"मला तर ऐकूच येत नाहीये."

"मग तू माझ्याकडे येऊन बस. मी तुझ्याकडे झोपतो."

गेलो. तावड्यांच्या कॉटवर बसून, त्यांचाच चहा पीत, माझ्याच स्पीकरचा बास ऐकला आणि जीव नुसता जळाला. पार्टिशन थरथरत होतं आणि सगळा माल पलीकडे जात होता. त्याला तावड्यांच्या बाजूने भक्कम वजन टेकलं असतं तर काम झालं असतं. त्यांचं लोखंडी कपाट त्यासाठी झकास होतं.

"काका, कपाट इकडे सरकवू या?"

"त्यात काकूच्या साड्या आहेत. तिला विचार."

काकू विळीवर सुरण चिरत होत्या. मी चहाचा कप ठेवला आणि घरी आलो.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी भंगारवाला दारात येऊन माल बघून गेला, तेव्हा कुठे माझं डोकं चाललं. स्पीकरची उंची गणपतीच्या टेबलाएवढीच! चतुर्थीला सकाळीच त्याच्यावर मेधाची जरीची साडी टाकली, साडीवर पाट, पाटावर गणपती. कोपरा बाप्पालाही मिळाला आणि मलाही. आईने साडी उचलून पाहिली आणि "चोर मेलो" एवढंच म्हणाली, कारण भटजी दारात होते आणि त्यांना पुढची घरं घ्यायची होती. त्यांनी घाईघाईत प्राणप्रतिष्ठा उरकली. एकदा ती झाली की उत्तरपूजेपर्यंत मूर्ती जागची हलवायची नाही. म्हणजे स्पीकरही कोणी हलवणार नव्हतं.

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण संध्याकाळी अर्धी चाळ आरतीला जमली आणि मला राहवलं नाही. म्हटलं, यंदा आरती स्पीकरवर. मोबाईल ॲम्प्लिफायरला जोडून दाराजवळ चार्जिंगला होता, त्यावर मृदंग-झांजांची दणदणीत आरती लावली आणि येऊन सगळ्यांच्या पुढे उभा राहिलो.

आणि बास आला! तावड्यांकडे गावाहून पाहुणे आले होते, ते सगळे पलीकडून ओळीने आमच्या पार्टिशनला पाठी टेकून मोदक खात बसले होते. कपाटाचं काम त्यांच्या पाठींनी केलं. मृदंगाच्या पहिल्याच थापेला माझ्या बरगड्या हलल्या, डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या थापेला बाप्पा पुढे सरकले.

मला आधी भास वाटला. पण तिसऱ्या थापेला दुर्वा पडल्या आणि जरीच्या साडीवरून पाट चांगला बोटभर पुढे आला. चतुर्थीला, आईच्या डोळ्यांदेखत मूर्ती खाली आली असती तर स्पीकरच्या आधी मी भंगारात गेलो असतो. मोबाईल दाराशी, मध्ये माणसांची भिंत.

"मेधा, मोबाईल!" मी ओरडलो.

तिने हसून मान डोलावली, पर्समधून स्वतःचा मोबाईल काढला आणि माझा व्हिडिओ घ्यायला लागली.

मग मी विचार केला नाही. सरळ पुढे झेप घेतली, पाट दोन्ही हातांनी धरला, कपाळ बाप्पांच्या पायांशी टेकलं आणि जीव खाऊन मागे रेटत राहिलो. बास पाटातून माझ्या हातांत, हातांतून दातांत. मी नखशिखांत थरथरत होतो. एरवी आरतीला गॅलरीत उभा राहून चपलांकडे लक्ष ठेवणारा माणूस मी.

"देव हललो गो बाय!" आई ओरडली. "माझ्या झिलाच्या अंगात वारा इलो!"

झालं. टाळ्या दुप्पट जोरात. कोणीतरी माझ्या मानेवर मूठभर कुंकू टाकलं, ते थेट नाकात गेलं. मी "बंद करा ते!" म्हणून किंचाळत होतो, तर मागून एक बाई म्हणाल्या, "देव काहीतरी मागतोय, लिंबू आणा." मोबाईलवर एक आरती संपली की दुसरी सुरू होत होती.

गलका ऐकून तावडेकाका धावत आले आणि मागोमाग त्यांचे सगळे पाहुणेही बघायला उठले. पार्टिशनवरच्या पाठी गेल्या, बास गेला, मी थरथरायचा थांबलो. काकांनी आत पाऊल टाकलं आणि देव शांत झाला, असं सगळ्यांनी पाहिलं. तेव्हापासून काकांनाही लोक वाकून नमस्कार करतात.

विसर्जनानंतर मी साडी काढायला गेलो.

"हात लावू नको," आई म्हणाली. "ह्या आता देवाचा. हयसून हलवूचा नाय."

माझा आनंद गगनात मावेना. स्पीकर वाचला होता.

"आणि वाजवूचा पण नाय."

तिथेच तो आहे. दर मंगळवारी त्याला हार असतो आणि मला प्रश्न. व्हिडिओ सगळ्या चाळीने पाहिलाय. एक बाई विचारायला आल्या, मुलीचं लग्न जमत नाही, काय करू? मला येऊन येऊन येतं काय? "घरातला कोपरा मोकळा करा," म्हटलं, "फटी बुजवा." दिवाळीच्या आत जमलं! वरातीला मला मानाने बोलावलं. डीजे होता. बास असा की रस्ता हलत होता, मध्ये ना पार्टिशन, ना तावडे. इतक्या महिन्यांनी तो छातीत बसला आणि मी नकळत थोडीशी मान डोलावली.

नवऱ्यामुलाने घाबरून घोड्यावरून हात जोडले, आणि मुलीच्या आईने डीजे बंद करायला लावला.