मावशींची श्रीमंती

वडिलांचा खुबा मोडला तेव्हा आम्ही सांगलीतल्या एका दवाखान्यात तीन आठवडे होतो. तिथल्या आयाला सगळे मावशी म्हणायचे. त्या ताठ चालायच्या. गळ्यात काळ्या दोऱ्यात लहानसा क्रूस असायचा.

वडील फौजेतले निवृत्त सुभेदार. कुणी आपलं अंग पुसावं, याचा त्यांना फार संकोच. एकदा मावशी त्यांचे पाय धुवायला बसल्या, तेव्हा ते चिडून म्हणाले, "बाई, दुसऱ्याची घाण काढायची तुला लाज वाटत न्हाई व्हय?"

मावशींनी एक पाय टॉवेलात घेऊन बोटांच्या बेचक्या नीट कोरड्या केल्या. मग म्हणाल्या, "आवं सुभेदार, लाज कसली? माझ्या ख्रिस्तानं सोता शिष्यांचं पाय धुतलं. त्यो मला लेक म्हणतो. एवढी श्रीमंती असल्यावर मी कुणापुढं लहान हाय?"

वडिलांनी दुसरा पाय आपणहून पुढे केला.

घरी निघालो त्या दिवशी मावशी दारात फरशी पुसत होत्या. वडील वॉकर सोडून भिंतीच्या आधारानं उभे राहिले आणि त्यांनी कडक सॅल्यूट ठोकला. आजूबाजूचे बघत राहिले. मावशींनी फडकं खाली ठेवलं, सरळ उभ्या राहिल्या आणि मान डोलावून तो सॅल्यूट हक्कानं स्वीकारला.