विमानाच्या नाकाला हळद

अजूनही दसरा आला की माझं डोकं फिरतं.

अमेरिकेत अ‍ॅशबर्नला आले तेव्हा माझ्याकडे विमानाच्या इंजिनिअरिंगची डिग्री होती आणि पासपोर्टवर डिपेंडंट व्हिसा. म्हणजे नवऱ्यानं डेटा सेंटरमध्ये नोकरी करायची आणि मला पगारी कामाला बंदी, मी घरात पोळ्या लाटायच्या. शेवटी एका छोट्या म्युझियमनं मला फुकट कामाला घेतलं. तिथं आवाजापेक्षा वेगानं उडणारं, पहिल्या पिढीतलं प्रवासी विमान ठेवलंय. उडताना त्याचा पत्रा इतका तापायचा की उष्णता परतवणारा खास पांढरा रंग द्यावा लागला होता. तो मूळ रंग जपायचं काम आमच्या टीमकडे होतं. दर शनिवारी मी मऊ ब्रशनं त्याची धूळ काढायचे. या देशात माझं म्हणावं असं तेवढंच होतं.

नवऱ्यानं मराठी मंडळात बढाई मारली आणि दसऱ्याला सगळे विमान बघायला आले. परवानगी मीच काढलेली. मी मुलांना सांगत होते, उतरताना हे विमान नाक खाली का वाकवायचं. वळून बघते तर मंडळाचे अध्यक्ष काका दोरी ओलांडून आत गेलेले, आणि त्या पांढऱ्या नाकावर ओल्या हळदीची बोटं, वर कुंकू. नवरा हौसेनं फोटो काढतोय.

"काका, काय केलंत हे?"

"अगं, गाडीला लावतो तसंच. पुसून टाक की."

पुसून टाक म्हणे. ओट्यावरची हळद निघत नाही, पण यांनी जन्मात कधी ओटा पुसलाय?

आमच्या टीमच्या प्रमुख, रंगाच्या जाणकार बाईंनी बरेच दिवस खटपट केली. डाग निघाला, पण रंगासकट. आता तिथं उघडा पत्रा दिसतो. आकाशातल्या तापाला पुरून उरलेला रंग आम्ही एका दुपारीत घालवला. बाईंनी फक्त माझा बॅज परत मागितला.

"चिल यार," नवरा म्हणाला, "व्हॉलंटियरच तर होतीस."

संताप संताप झाला माझा.

मंडळाच्या ग्रुपवर तो फोटो अजून आहे. खाली सगळ्यांचे जोडलेले हात, 'अभिमान वाटतो'. आणि काकांचा मला निरोप: पुढच्या दसऱ्याला आत बसून बघायचंय, परवानगीचं तेवढं तू बघ.