येथे बस

मिस्त्री, तुम्ही थापी ठेवून लेकीकडे राहायला गेलात, म्हणून हे लिहून कळवते. तोंडावर कौतुक केलं असतं तर तुम्ही लगेच काहीतरी काम काढून सटकला असतात.

तीस वर्षं तुम्ही या शहराचे फुटपाथ बांधलेत. नकाशा साहेबांचा, हात तुमचा. पण पायरी पक्की करण्याआधी आल्यागेल्याला चढून बघायला लावायचात. मलाही तसंच हटकलंत. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, घरापासून मंडईपर्यंत टेकायला जागा नाही, आणि मुलाचा धोशा, "आई, आता बाहेर जाणं बंद." चौकात तुम्ही विटांची चळत दाखवलीत.

"बाई, जरा बसा. पाय टेकतात?"

"लोंबकळतायत."

एक थर काढलात. "आता?"

"आता टेकले."

आठवड्यात तिथे कट्टा उभा! साहेब नकाशा फडकावत आले. "मिस्त्री, इथे बस थांबायची होती!"

"साहेब, नकाशात लिहिलंय, 'येथे बस'. अरेतुरे केलंत, पण बसायलाच सांगताय, म्हणून मनाला लावून घेतलं नाही."

"सोमवारी फोडा!"

सोमवारी सकाळीच मी पिशवी घेऊन कट्ट्यावर ठाण मांडलं. शेजारी शिंप्याची आई, पलीकडे फुलवाली. तुम्ही पहार घेऊन उभे, चेहरा अगदी भोळा. साहेब अर्धा तास आम्हाला कायदा सांगत होते. मग या पायावरून त्या पायावर भार टाकू लागले. तुम्ही फुलवालीला सरकायला लावलंत.

"साहेब, टेका थोडं. कट्टा कुठे पळून जातोय?"

ते बसले. पाय नीट टेकले. बराच वेळ उठलेच नाहीत. शेवटी पेन काढून त्यांनी नकाशातल्या 'बस'ला एक काना दिला आणि थांबा दहा पावलं पुढे नेला.

खरंच चुकून वाचलंत का, असं मी विचारलं, तर म्हणालात, "बाई, आपण चौथी पास." चौथी पास माणूस पेपरातलं शब्दकोडं रोज सोडवतो, तेही पेनाने! मला शिकवू नका.

मी रोज मंडईत जाते. मुलगा आता भाजीची यादी हातात देतो. फक्त कट्ट्यावरून उठताना धरायला काहीतरी हवं. तुम्ही म्हणाला होतात, "घरच्या खुर्चीचा हात किती उंच आहे ते मोजून आणा, तेवढा पाइप ठोकून देतो." मी आज मोजते, उद्या मोजते करत राहिले. टेप अजून शिवणाच्या डब्यातच आहे.