स्पीडबाईंच्या कॅसेटी

कॅसेट लावायच्या आधी स्पीडबाई दाराला कडी घालत. आधी कडी, मग खिडकीची झडप, मग टेपरेकॉर्डरचं बटण. मे महिन्यातल्या नागपुरात, बंद खोलीत, आम्ही सात-आठ मुली घामाने निथळत टाइप करायचो आणि कागदावर अक्षरांपेक्षा घामाचे थेंब जास्त पडायचे. शेवटी एकदा मी धीर करून विचारलं, "बाई, कडी कशाला?" बाईंनी टेपरेकॉर्डरकडे बोट केलं आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "या लोकायचा भरोसा नाही वं. काय ऐकवतीन, काय नाही. गल्लीले काहून ऐकवायचं?"

नंदनवनातल्या त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत हा टायपिंगचा वर्ग चालायचा. ऐंशी सालानंतरची, त्या दशकाच्या मधल्या वर्षांची गोष्ट आहे ही. बाईंचं खरं नाव पाटीवर होतं, पण ते कोणी वाचत नसे. कोणतीही बातमी सांगा, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "स्पीड किती?" एका मुलीने लाजत लाजत लग्न ठरल्याचं सांगितलं, मुलगा सरकारी नोकरीत आहे म्हणाली. बाई म्हणाल्या, "चांगलं झालं. स्पीड किती त्याचा?" बाईंचे यजमान रेल्वेत कारकून होते, ते लवकर गेले. मग या मशीनींच्या जोरावर बाईंनी एकुलत्या एका मुलाला, विजूला, इंजिनीअर केलं आणि तो पुढे शिकायला अमेरिकेला गेला. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती आणि तिच्या शेजारी उसन्या कोटातला विजू.

मी तेव्हा बी.ए.ला इंग्रजी वाङ्मय घेतलं होतं आणि ते घेतल्याचं सगळ्या नंदनवनाला माहीत असेल याची काळजीही घेतली होती. दोन वेण्या, छातीशी जाड पुस्तक आणि आत उंदराचं काळीज. ओळ संपली की टाइपरायटरची घंटी वाजते ना, तिलाही मी भ्यायची. घंटी वाजली की दोन्ही हात ओढून मांडीवर, जणू मशीन आता चावणार. बाई पाठीमागून म्हणायच्या, "हात वर घे वं, ते मशीन आहे, तुझी सासू नाही."

बाईंचं शिकवणं तालावर होतं. बोटांना नजरेने नाही, कानाने शिकवायचं, असं त्यांचं म्हणणं. सगळ्यांचे ठोके एकदम पडले पाहिजेत. एकीचा ठोका मागे पडला की पाठ करून उभ्या असलेल्या बाई न वळता तिचं नाव घेत. पूर्वी त्यासाठी त्यांच्याकडे बँडची एक तबकडी होती. ती झिजून झिजून एकाच जागी अडकायला लागली आणि अख्खा वर्ग एकच अक्षर टाइप करत बसू लागला, तेव्हा बाईंनी विजूला कळवलं: ठेका पक्का असलेलं काहीतरी पाठव, गाणं नसलं तरी चालेल. पोरगा आज्ञाधारक. पार्सल आलं. त्यात कॅसेटी होत्या आणि एक चिठोरं होतं, "मी बरा आहे. थंडी आहे."

त्या संगीताला आता माझी नात हिप-हॉप म्हणते आणि 'आजी, तुला काय कळणार' अशा नजरेने बघते. आम्ही ते ऐकलं तेव्हा त्याला काही नावच नव्हतं. पहिली कॅसेट सुरू झाली आणि मी घाबरून टाइपरायटरचं कॅरेज पार टोकाला ढकललं. खाली ढोल पडल्यासारखा ठेका आणि वर दोन पुरुष तावातावाने बोलतायत, एकाचं वाक्य अर्धं राहिलं की दुसरा ते ओढून घेतो. मधूनच करकर करकर. बाई डोळे बारीक करून ऐकत राहिल्या. "हे गाणं नाही," त्या म्हणाल्या. "हे भांडण आहे. पण तालात भांडून राहिले. आणि ते मागं कोणीतरी करपलेल्या दुधाच्या गंजाचं बूड खरडून राहिलं." मग टेबलावर बोटांनी ठेका मोजला आणि निकाल दिला, "चाळीसच्या स्पीडले एकदम बरोबर. चला, बसा!"

पुढे दर तीन-चार महिन्यांनी पार्सल यायचं आणि बाई प्रत्येक कॅसेटबद्दल स्वतःचं मत बनवायच्या. नावं त्यांना वाचता यायची, पण त्या ती वापरत नसत. एक होती 'दोघा भावांची'. एक होती 'टाळ्यांची', तिच्यात मागे लहान मुलं ओरडायची, हसायची. ती बाईंना फार आवडे. "इथं लेकरं आहेत," त्या म्हणायच्या. "लेकरं खेळतात तिथं माणसाले राहता येते." एकीत एक मुलगी एकटीच सगळ्यांना झापत सुटायची, दम न घेता. ती ऐकताना बाई गालातल्या गालात हसत. "हिची माय भेत असन हिले." तेव्हा माझ्या एक गोष्ट हळूहळू लक्षात आली. आम्ही ठेका ऐकायचो. बाई त्यात गाव ऐकायच्या. आपला मुलगा जिथे राहतो ते गाव राहण्यासारखं आहे की नाही, हे त्या कॅसेटींमधून चाचपत होत्या.

आणि दुभाषी कोण? मी! इंग्रजी घेतलेल्या मुलीला सगळं कळतं असा बाईंचा समज होता. माझाही होता, कॅसेट सुरू होईपर्यंत. स्पीकरला कान लावून, कपाळाला आठ्या घालून मी बसायची आणि दहा मिनिटांतून एखादा शब्द हाती लागला की तार आल्यासारखा मोठ्याने जाहीर करायची. "स्ट्रीट!" "ब्रदर!" "पोलीस!" शेवटच्या शब्दाला बाईंचा चेहरा उतरला. "पोलीस काहून? कोणाच्या मागं?" मला काय माहीत कोणाच्या मागे! पण माहीत नाही म्हणायला मी साधी मुलगी थोडीच होते. मी गंभीरपणे म्हटलं, "मोठ्या शहरात असतातच, बाई." आज ती वेण्यांची मुलगी समोर आली तर दोन्ही वेण्या खुर्चीला बांधून ठेवीन.

मग पिवळी कॅसेट आली. ती भोंग्याने सुरू व्हायची. पोलिसांच्या गाडीचा भोंगा लांबून जवळ येतो, काच फुटते, कोणीतरी धावत सुटतं, बुटांचे आवाज, धाप, आणि मग एकदम ठेका. आमच्यापैकी एकीनेही मशीनची कळ दाबली नाही. बाई स्टुलावर बसल्या. थोड्या वेळाने उठून त्यांनी कॅसेट मागे नेली आणि ते धावणं पुन्हा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकल्यावर म्हणाल्या, "विजू लहानपणी असाच पळे." एकच विचार डोक्यात आला: तो मुलगा यातच आहे, कॅसेटमध्ये, आणि कोणीतरी त्याच्या मागे लागलंय.

"बाई, तिथं काही धोका आहे का, फोनवर विचारा ना त्यांना," आम्ही म्हणायचो. समोरच्या वकिलांकडे फोन होता, दर दिवाळीत विजूचा फोन तिथे यायचा. पण तीन मिनिटं असायची आणि वकिलांच्या बैठकीत अर्धी गल्ली कान देऊन उभी. जेवला का, थंडी आहे का, यातच ती संपायची. "आणि विचारलं असतं," बाई एकदा मला म्हणाल्या, "अन् तो हो म्हणाला असता, तर मी काय करणार होती वं? इथून दगड मारणार होती?"

त्या वर्षी दिवाळीत फोन आला नाही. पार्सल आलं नाही. संक्रांत गेली, तरी नाही. बाईंनी पत्र टाकलं, त्याचंही उत्तर नाही. वर्गात आता पिवळी कॅसेटच वाजायची. रोज भोंगा, रोज काच, रोज ते धावणं. आमचे स्पीड भीतीने वाढले. खरंच सांगते, त्या बॅचची एकही मुलगी परीक्षेत नापास झाली नाही. मागे पोलीस लागल्यासारख्या टाइप करत होतो आम्ही. निकाल घेऊन मी पेढे द्यायला गेले. बाईंनी पेढा हातात घेतला, विजूच्या फोटोकडे पाहिलं आणि तो तसाच बशीत ठेवला. "स्पीड किती?" हेही विचारलं नाही. तेव्हा मला पहिल्यांदा खरी भीती वाटली, घंटीची वगैरे नव्हे, खरी.

एप्रिलमधली दुपार होती. निकाल लागला तरी माझा पाय तिथून निघत नव्हता, मी नव्या मुलींना शिकवण्याच्या निमित्ताने जायची. दाराला कडी. कॅसेट लागली. भोंगा जवळ आला, काच फुटली, आणि त्याच क्षणी बाहेरून दारावर दणादण थापा पडायला लागल्या. मी टेबलाखाली गेले. इंग्रजी वाङ्मयासकट. कोणीतरी "माय गं!" ओरडलं. बाई तेवढ्या उभ्या राहिल्या, सरळ दाराशी गेल्या आणि कडी काढली.

"केव्हाचा दार ठोकून राहिलो, आई! आत काय दंगल सुरू आहे?"

विजू होता. हातात सूटकेस, चष्मा, पोट थोडं सुटलेलं. बाईंनी त्याच्या तोंडावरून हात फिरवला, खांदे दाबून पाहिले, बाजारात संत्रं दाबून पाहावं तसे. मागे ठेका चालूच होता. तो आत येऊन ऐकायला लागला आणि त्याचं तोंड वाकडं झालं. "हे काय लावलं?"

"तूच तर धाडलं."

"हे मी धाडलं?" तो हसत सुटला. "अगं, तू ठेका मागितला होता. मी दुकानातल्या पोराले म्हटलं, ज्याचा ठेका सगळ्यात पक्का असन ते दे. मी यातली एक बी ऐकली नाही. हे मोठ्या शहरातलं आहे सारं. मी राहतो तिथं मक्याची शेतं आहेत, आई. एक रस्ता, एक कॉलेज. भोंगा तर सोड, गाडीचा हॉर्न वाजत नाही."

आम्ही सगळ्या हसलो. मी टेबलाखालून बाहेर येता येता सगळ्यांत मोठ्याने हसले, कारण टेबलाखाली होते हे विसरायला लावायचं होतं. बाई हसल्या नाहीत. त्या त्याच्या पायांकडे बघत होत्या.

"पाय काहून ओढून राहिला?"

"काही नाही."

"विजू."

मग त्याने सांगितलं. दिवाळीनंतर पहिला बर्फ पडला, त्यावर घसरून तो स्वतःच्या दारात पडला होता. पाय मोडला. हाका मारल्या. शेजारचं घर शेताच्या पलीकडे. दूधवाल्याची गाडी आली तेव्हा कुठे तो कोणाला तरी दिसला. पुढे दवाखाना, मग काठी. मोडका पाय आईला काय कळवायचा म्हणून त्याने काहीच कळवलं नाही. दिवाळीतला फोन तर लागलाच नव्हता.

"तू आवाज देऊन राहिला होता," बाई म्हणाल्या, "अन् कोणीच ऐकलं नाही?"

विजू चष्मा पुसत बसला.

दुसऱ्या दिवशी मी गेले तर दार सताड उघडं आणि पिवळी कॅसेट गल्लीभर वाजत होती. बाई ओट्यावर बसून लसूण सोलत होत्या, पायाने ठेका धरून. "आज ऐकली नीट," त्या म्हणाल्या. "बरी आहे वं. भोंगा बी बरा आहे. भोंगा वाजला म्हणजे कोणीतरी येऊन राहिलं ना." वर्षभर मी ज्या आवाजाला टरकत होते, तो त्या दिवशी मला पहिल्यांदा गाण्यासारखा ऐकू आला. माझाही पाय हलायला लागला, तो मी निऱ्यांखाली झाकला.

विजू परत गेला आणि बाई स्वतः अमेरिकेला जायच्या कागदपत्रांच्या मागे लागल्या. मशीनी एकेक करून उमरेडच्या एका वर्गाला गेल्या. पुढच्या थंडीच्या सुरुवातीला त्या निघाल्या, तेव्हा स्टेशनवर आम्ही जुन्या मुली जमलो होतो. मला नोकरी लागली होती, वेण्या जाऊन अंबाडा आला होता, अक्कल यायची होती. मी म्हटलं, "बाई, तिथं तर बर्फ आहे, माणूस नाही, आवाज नाही. तुम्हाला भीती नाही वाटणार?"

गाडी हलायला लागली होती. बाईंनी खिडकीच्या गजातून माझा हात धरला.

"भेव तर लागनच वं. मायचं भेव कोठी जाते? पण इथून भेणं लय दूरचं होते. तिथं त्याच्या खाटेजवळ बसून भेईन."