टेलिफोनबाईंचा निरोप

कारखान्यात तिला सगळे टेलिफोनबाई म्हणत. सव्वीस वर्षं ती दिवसभर एकच वाक्य बोलत आली होती, "थांबा, जोडून देते." कोणाचं कोणाशी वाजलंय, कोणाच्या घरी पाळणा हलणार आहे, हे तिला सगळ्यांच्या आधी कळायचं. तिच्यासाठी मात्र कधी कोणाचा फोन आला नाही.

पन्नाशीला टेकल्यावर तिने पदवीचं मनावर घेतलं. विद्यापीठाला अर्जासोबत स्वतःविषयी पाचशे शब्द हवे होते. ते तिने कसेबसे जुळवले. खाली सूचना होती, जवळच्या माणसाला वाचून दाखवा. सांगायला काय जातं यांचं!

तिने धाकट्या बहिणीला फोन लावला. "ताई, गॅसवर दूध आहे गं, नंतर करते," बहीण म्हणाली. ते दूध दोन दिवस तापतच राहिलं.

रविवारी, कारखान्याला सुट्टी असताना, तिने तिथलाच नंबर लावला. पलीकडे यंत्रातून तिचाच आवाज आला, "आपला निरोप सांगा, आम्ही नक्की फोन करू." तिने पाचशेच्या पाचशे शब्द वाचून दाखवले.

सोमवारी ती नेहमीप्रमाणे आलेले निरोप वहीत उतरवायला बसली. एरवी दोन वाक्यं ऐकून पुढे जाणारी ती, हा निरोप शेवटपर्यंत ऐकत राहिली. मॅनेजरसाहेब दारात थबकले.

"काय बाई, कोणाचा एवढा लांबलचक निरोप?"

तिने रिसीव्हर जागेवर ठेवला.

"राँग नंबर होता, साहेब."